आपल्या बांबूची फ्लाय रॉड: वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात हाताने बनवलेल्या बांबूच्या फ्लाय रॉडबद्दल थोडं लिहिलं होतं आणि त्यावर बरीच पत्रं आली, बहुतेकांचा रोख एकच होता की हे सगळं आपल्या बांबूत जमतं का. ज्यांनी तो अंक वाचला नाही त्यांच्यासाठी सांगतो, फ्लाय फिशिंगमध्ये गळाला लावलेली पिसांची माशी जवळपास बिनवजनाची असते, त्यामुळे आपण गरवताना जसं शिसं लावून भिरकावतो तसं इथे होत नाही, इथे फेकायची असते ती जाड दोरीच, आणि त्या दोरीच्या वजनाने काठी लवली पाहिजे आणि लगेच सरळ झाली पाहिजे. बांबूची रॉड म्हणजे अख्खी काठी नव्हे, बांबू चिरून सहा त्रिकोणी पट्ट्या काढायच्या, त्या टोकाकडे बारीक होत जातील अशा रंधायच्या आणि चिकटवून षटकोनी काठी करायची. आता प्रश्नांकडे वळू.

सगळीकडे वाचतो की टोंकिन बांबूशिवाय फ्लाय रॉड होत नाही. तो चीनमधून मागवणं मला परवडणारं नाही. आपल्याकडे एवढा बांबू असताना त्यातला एकही चालत नाही का? (वाचक, मुलुंड)

चालतो, आणि हे मी मनापासून सांगतोय कारण या गोष्टीची सुरुवातच आपल्याकडच्या बांबूने झालीय. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या ईस्टनचा सॅम्युअल फिलिप आणि नंतर मेन राज्यातल्या बँगोरचा हायरम लिओनर्ड ही मंडळी चिरलेल्या बांबूच्या रॉड बनवायला लागली, तेव्हा त्यांच्या हातात जो बांबू होता त्याला ते ‘कलकत्ता केन’ म्हणायचे, कारण तो कलकत्ता बंदरातून जहाजाने जायचा. तो बहुतेक आपला मानवेलच, म्हणजे शास्त्रीय नावाने डेंड्रोकॅलॅमस स्ट्रिक्टस, असं मानतात. त्यावर भाजल्याचे काळे डाग असायचे, ते टाळून कारागीर पट्ट्या काढायचे. विसावं शतक लागल्यावर चीनच्या ग्वांगडाँग प्रांतातला टोंकिन आला आणि त्याने बाजार घेतला, १९३१ मध्ये मॅक्ल्यूर नावाच्या वनस्पतीशास्त्रज्ञाने त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. पुढे १९५० च्या शेवटी अमेरिकेने चीनशी व्यापार बंद केला तो सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत, त्या वीस वर्षांत फायबरग्लासने बांबूला जवळजवळ बाजूला केलं, ज्यांच्याकडे टोंकिनचा जुना साठा होता तेच काय ते टिकले. तेव्हा एकाच खोऱ्यातल्या एकाच जातीवर अख्खी कला टांगून ठेवण्यात धोका आहे हे आधीच दिसून गेलंय. जपानी लोक त्यांच्या मादाकेपासून रॉड करतात, कोलंबियाचा ग्वाडुआ घेऊन काही जण करतात, मग आपण का नाही.

पण टोंकिनला लोक उगाच डोक्यावर घेत नाहीत हेही समजून घ्या. बांबूची ताकद असते ती सालीलगतच्या तंतूंत, आत जाल तसे तंतू विरळ होतात आणि मऊ भुसभुशीत गर वाढतो. टोंकिनमध्ये हा दाट तंतूंचा थर जाड असतो, पेरं लांब, गाठी फुगीर नसतात, आणि बांबू सरळ वाढतो. आपल्या जातींमध्ये या चारही गोष्टी एकत्र सहसा मिळत नाहीत, कुठे एक कमी कुठे दुसरी. मानवेल चिवट असतो, लाठ्या त्याच्याच होतात, आणि कोरड्या मुरमाड जमिनीवर वाढलेला असेल तर खालचा भाग जवळपास भरीव निघतो, ओलसर जागी वाढलेला पोकळ निघतो, म्हणजे चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या कोरड्या टेकडीवरचा आणि पाणथळ जागचा मानवेल एकाच नावाचा असला तरी काम करताना वेगळा लागतो. त्याच्या गाठी मात्र फुगीर, त्यावर मेहनत आहे. कोकणातला माणगा बिनकाट्याचा, सरळ, खाली भरीव, फक्त पेरं आखूड. काटेरी कळक म्हणजे कटांग जाड भिंतीचा, पण मोठा आणि वाकडातिकडा, त्यातून सरळ पट्टी काढायला भरपूर माल वाया जातो.

भरीव आहे म्हणजे चांगला असं समजू नका, ही चूक खूप जण करतात. भरीवपणा तुम्हाला गर देतो, तंतू देत नाही. बांबूचा तुकडा करवतीने आडवा कापा, कापलेलं तोंड आधी जाड मग बारीक पॉलिश पेपरने घासा, ओलं करा आणि मोबाइलचा कॅमेरा झूम करून बघा. काळपट ठिपके दिसतील, तेच तंतूंचे जुडगे. सालीकडे ते खेटून असतात आणि आत सुटे सुटे होत जातात. सालीपासून किती मिलिमीटरपर्यंत ते खेटून आहेत तेवढं मोजा, रॉडच्या कामाला तोच आकडा उपयोगी. साधारण पाच नंबरच्या दोरीच्या (दोरीचा नंबर वजनावरून ठरतो, नंबर मोठा तशी दोरी जड) रॉडला टोकाशी एकेक पट्टी जेमतेम ०.९ मिमी उंच लागते, तेवढा दाट थर कुठल्याही बऱ्या बांबूत असतो. मुठीजवळ मात्र ४ मिमीच्या आसपास लागते आणि आपले बांबू तिथेच मागे पडतात. म्हणून टोकाचा अर्धा भाग माणग्याचा आणि मुठीकडचा अर्धा जाड थराच्या मानवेलचा असं जोडकाम करायला काहीच हरकत नाही.

आमच्या बिल्डिंगला रंगकामाची परांची लागली होती, ती आता उतरवतायत. ठेकेदार चार बांबू फुकट द्यायला तयार आहे. घेऊ का? (वाचक, घाटकोपर)

चिरण्याची सवय करायला घ्या, रॉडसाठी नको. परांचीचा किंवा मंडपाचा बांबू उन्हापावसात वर्षानुवर्षं फिरलेला असतो, त्याला आडव्या-उभ्या भेगा असतात, दोऱ्यांनी आवळल्याच्या खुणा असतात, बऱ्याचदा आत भुंग्याने पोखरलेलं असतं आणि मुख्य म्हणजे तो कुठल्या जातीचा, किती वर्षांचा असताना तोडला हे कोणीच सांगू शकत नाही. पण हातात कोयती धरून बांबू मधोमध सरळ चिरत नेणं, चीर एका बाजूला पळायला लागली की जाड बाजूकडे दाब देऊन तिला परत मधे आणणं, हे शिकायला असा फुकटचा बांबू उत्तम. हातमोजे घाला, बांबूचं कुसळ नखाखाली गेलं की दोन दिवस काम बंद.

मी मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. टोंकिनच्या रॉडची मापं इंटरनेटवर भरपूर मिळतात, दर पाच इंचावर किती जाडी हवी वगैरे. माझ्याकडे मानवेल आहे. तीच मापं वापरली तर चालेल का? (एक विद्यार्थिनी, विलेपार्ले)

तुझा प्रश्न वाचून फार बरं वाटलं, कारण आपल्या बांबूच्या रॉड बिघडतात त्या इथेच. लोक टोंकिनचं माप जसंच्या तसं मानवेलवर उतरवतात, रॉड लुळी होते, आणि मग म्हणतात मानवेल कामाचा नाही. अगं, ते माप त्या बांबूसाठी काढलेलं होतं. आधी आपला बांबू किती ताठ आहे ते मोजायचं आणि मग त्याला त्याचं माप द्यायचं.

मोजणं घरच्या घरी होतं. एकाच बांबूच्या सालीकडच्या भागातून गाठ नसलेल्या चार-पाच पट्ट्या काढ, साल शाबूत ठेवून आतल्या बाजूने रंधून सगळ्या ५ मिमी रुंद आणि ३ मिमी जाड कर, व्हर्नियरने दोन्ही टोकांना आणि मधे तपास. टेबलाच्या कडेला क्लॅम्प लावून ३० सेंटिमीटर बाहेर राहील अशी धर, साल वर ठेव, टोकाला १०० ग्रॅम वजन टांग आणि टोक किती खाली गेलं ते मोज. बऱ्या बांबूत ते चार ते सहा सेंटिमीटर जातं. मग वजन काढून बघ की पट्टी जिथे होती तिथे परत येते का, पाच-दहा मिनिटं टांगून ठेवल्यावर बाक राहिला तर तो बांबू ताठ असला तरी सोडून दे, रॉड रोज वापरून वाकडी होईल. टोंकिनचा एखादा तुकडा कुणाकडून मिळाला तर त्याच मापाची पट्टी करून शेजारी ठेव, नाही मिळाला तर निदान तुझ्याकडच्या बांबूंची आपापसात तुलना होते.

आणि जाडीत सवलत घेऊ नकोस. पट्टीचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो, ३ ऐवजी ३.३ मिमी झाली तर पट्टी ३३ टक्के ताठ वाटेल आणि सगळी तुलना फुकट जाईल. हे तू कॉलेजात शिकलीच असशील, पण बांबू रंधताना ०.३ मिमी म्हणजे रंध्याचे दोन-तीन हात, विसरायला वेळ लागत नाही.

आता यातून माप कसं काढायचं. पूर्ण षटकोनी रॉडचा ताठपणा जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. समजा तुझा मानवेल टोंकिनपेक्षा २० टक्के कमी ताठ निघाला, तर तोच ताठपणा यायला १.२५ चं चौथं मूळ म्हणजे साधारण १.०५७, म्हणजे सगळीकडे जाडी पाच ते सहा टक्के वाढवायची, बास. जिथे ७.५ मिमी होतं तिथे ७.९ मिमी. ऐकायला किरकोळ वाटतं, पण याच किरकोळ फरकाने काठी लुळी किंवा बरोबर ठरते. वजन मात्र बारा टक्क्यांच्या आसपास वाढेल, ते रॉडच्या वरच्या भागात जास्त जाणवतं, म्हणून मी सुचवेन की पहिली रॉड ७ फुटांच्या आतली कर, लांबी कमी असली की हे वजन त्रास देत नाही. पाच नंबरच्या दोरीचे पहिले ३० फूट साधारण ९ ग्रॅमचे असतात, एवढंच वजन रॉडला हवेत पेलायचंय, त्यासाठी लांब काठीची गरजही नाही.

एक गोष्ट राहिली, ही चाचणी पट्ट्या भाजून झाल्यावर कर, आधी नाही. भाजल्यावर बांबूतलं पाणी जातं आणि तो बऱ्यापैकी ताठ होतो, कच्च्या पट्टीचे आकडे रॉडला लागू पडत नाहीत. आणि पट्टी कुठल्या बांबूची, बुंध्यापासून किती उंचीवरची हे तिच्यावर पेन्सिलने लिहून ठेव, बुंध्याचा आणि शेंड्याचा बांबू सारखा नसतो.

माझं गाव कुडाळजवळ, घरामागे माणग्याची बेटं आहेत. मे महिन्यात गावी जातो तेव्हा तोडून आणू का? मुंबईत आणायला परवानगी लागते का? (वाचक, लालबाग)

काका, मे महिन्यात नका तोडू. पावसाळा संपून थंडी लागली की तोडा, दिवाळीनंतर ते साधारण माघापर्यंत. बांबूत साखर आणि स्टार्च असतो तोपर्यंत भुंगा त्याच्या मागे लागतो, थंडीत स्टार्च कमी असतो, आपल्याकडची जुनी माणसं अंधाऱ्या पक्षात तोडायला सांगतात. मेमध्ये गेलात तर बेटात फिरून नुसती निवड करून ठेवा, हव्या त्या काठ्यांना रंगाचा पट्टा मारा. तीन-चार वर्षांची काठी घ्यायची. कोवळ्या काठीवर पांढरी भुकटी आणि कोषाची पानं असतात, पिकलेल्या काठीवरून ती गेलेली असतात, अंगावर करड्या डागांचं शेवाळ चढलेलं असतं आणि कोयतीच्या पाठीने वाजवलं की आवाज खणखणीत येतो. बेटाला फुलोरा आला असेल तर त्यातली काठी घेऊच नका, फुलून वाळलेला बांबू ठिसूळ होतो.

परवानगीचं म्हणाल तर २०१७ मध्ये वन कायद्यात दुरुस्ती होऊन बांबूला ‘झाड’ या व्याख्येतून काढलं, त्यामुळे स्वतःच्या जमिनीतला, जंगलाबाहेरचा बांबू तोडायला आणि आणायला पूर्वीसारखा वाहतूक पास लागत नाही. जंगलातला असेल तर मात्र वनखात्याचे नियम आहेतच. सातबाऱ्याची एक प्रत गाडीत असू द्या, रस्त्यात कुणी विचारलंच तर बोलणं लवकर संपतं.

तोडल्यावर आठवडा-दोन आठवडे वाहत्या पाण्यात किंवा विहिरीच्या टाकीत बुडवून ठेवलात तर स्टार्च धुऊन जातो, पाण्याला वास मारायला लागला तर पाणी बदला. मग सावलीत उभे करून वाळवा. वाळवायच्या आधी एका बाजूने बुंध्यापासून शेंड्यापर्यंत एकच सरळ चीर द्या, म्हणजे बांबूला आकसायला वाट मिळते आणि तो मनाला येईल तिथे फाटत नाही.

माणग्याची अडचण आखूड पेरांची. फ्लाय रॉडच्या एका भागाला साडेतीन फुटांची पट्टी लागते, त्यात माणग्याच्या बऱ्याच गाठी येणार, आणि गाठीजवळ तंतू वळसा घेतात, तिथेच पट्टी मोडते. एक मार्ग असा की गाठ हीट गनने गरम करायची आणि मऊ पडली की वाइसमध्ये दाबून सपाट करायची, थंड होईपर्यंत सोडायची नाही. कानशीने घासून गाठ सपाट करू नका, घासलं की तिथले उरलेले चांगले तंतूच जातात. सहा पट्ट्या एकत्र करताना गाठी एकमेकींसमोर येऊ देऊ नका, एक वर एक खाली अशा सरकवून लावा. दुसरा मार्ग मला माणग्यासाठी जास्त पटतो, गाठी सरळ कापून टाकायच्या आणि नुसती पेरं लांब तिरक्या कापाने एकमेकांना जोडायची. बिनगाठीच्या अशा रॉड परदेशात अनेक कारागीर करतात. काम दुप्पट होतं खरं, पण आखूड पेरांचा दोष उरतच नाही, आणि आपल्याकडे काठी स्वस्त असल्यामुळे वाया जाण्याची भीती नाही.

चाळीत दहा बाय बाराची खोली आहे, पावसाळ्यात भिंतींना ओल येते. इथे रॉड होईल का? फेविकॉलने चिकटवली तर चालेल? (वाचक, बोरिवली)

जागेचं आधी सांगतो, रंधायला चार फुटांचं टेबल आणि मागेपुढे हात हलेल एवढी जागा पुरते. मशीन लागत नाही, आवाजही होत नाही, शेजारी तक्रार करणार नाहीत. दोन लोखंडी पट्ट्या शेजारी ठेवून मधे ६० अंशांची खाच असलेला फॉर्म लागतो, बोल्ट कमी-जास्त करून खाचेची खोली बदलते आणि पट्टी त्यात ठेवून रंधायची. हा फॉर्म एखाद्या लेथवाल्याकडून करून घेता येतो, पहिल्या रॉडपुरता सागवानाचा केलात तरी चालेल. बाकी चांगला लहान रंधा, धारेचा दगड, डायल गेज, हे नागदेवी स्ट्रीटला फिरलात तर मिळून जाईल. रंध्याची धार दर थोड्या वेळाने लावा, बोथट रंधा मानवेलचे तंतू उपसून काढतो.

भाजण्याला घरचा ओव्हन लांबीला पुरत नाही. एका मोठ्या लोखंडी पाइपमध्ये दुसरा लहान पाइप बसवून एका टोकाने हीट गनची हवा सोडली की चांगली भट्टी होते, आत थर्मामीटर ठेवून १७५ अंशांच्या आसपास राखायचं आणि रंग फिक्या मधासारखा झाला की काढायचं. हे गॅलरीत करा, घरात नको, आणि पाण्याची बादली हाताशी असू द्या.

ओल हा मात्र मुंबईचा खरा प्रश्न आहे. भाजलेली पट्टी जुलैत उघडी ठेवली तर ती हवेतलं पाणी परत ओढून घेते, मग चिकटवल्यावर सांधे उघडतात आणि मापंही बदलतात. म्हणून मी म्हणेन चिरणं आणि ओबडधोबड रंधणं पावसाळ्यात उरका, भाजणं, शेवटचं माप, चिकटवणं आणि व्हार्निश हे दिवाळी ते होळी या काळात करा. मधल्या काळात पट्ट्या ठेवायला टोपण असलेल्या पीव्हीसी पाइपमध्ये सिलिका जेलच्या पुड्या टाका, पुड्या अधूनमधून तव्यावर कोरड्या गरम करून परत वापरता येतात.

फेविकॉल नको. लाकडाच्या फर्निचरला तो उत्तम, पण सतत वाकणाऱ्या सांध्यात तो हळूहळू सरकतो, पाण्याने आणि उष्णतेने मऊ पडतो. हळू सुकणारं दोन ट्यूबचं एपॉक्सी घ्या, अरॅल्डाइटचं साधं मिळतं ते, पाच मिनिटांत घट्ट होणारं नाही, कारण सहाही पट्ट्यांना लावून, सुती दोऱ्याने दोन्ही दिशांनी घट्ट गुंडाळून, टेबलावर लाटून सरळ करायला वेळ लागतो. एपॉक्सी ओलं असतानाच काठी एका डोळ्याने लांबून बघत सरळ करायची, नंतरचा वाकडेपणा काढणं फार जिकिरीचं. आणि तयार रॉड मे महिन्यात बंद गाडीच्या डिकीत ठेवू नका, तिथल्या उष्णतेत एपॉक्सीसुद्धा नरम पडतं.

अशी रॉड करून अलिबागच्या खाडीत जिताडा पकडता येईल का? (वाचक, कुलाबा)

वर ज्या पाच नंबरच्या रॉडबद्दल लिहिलंय तिच्याने नाही. जिताडा मोठा होतो आणि खारफुटीच्या मुळांत घुसतो, त्याला अडवायला निदान आठ नंबरची रॉड लागेल, तेवढी ताठ आणि नऊ फूट लांब काठी बांबूत केली तर दिवसभर फेकून मनगट भरून येतं, शिवाय खारं पाणी कड्यांना आणि सांध्याच्या धातूला खातं. तिथे ग्राफाइट वापरा, त्यात कमीपणा नाही. बांबूची पाच नंबरची घेऊन गोड्या पाण्यातल्या तिलापियापासून सुरुवात करा. पवईला गरवायचं तर तिथल्या अँगलिंग असोसिएशनकडे सभासदत्वाची चौकशी करा, धरणांवर मत्स्यव्यवसाय खात्याची किंवा ठेकेदाराची परवानगी घ्या. आणि कुठे महसीर लागलाच, म्हणजे कर्नल साइक्सने १८३९ मध्ये पुण्याच्या मुळा-मुठेवरून ज्याचं वर्णन केलं तो आपला दख्खनचा महसीर, तर गळाची उलटी नांगी पक्कडने आधीच दाबून ठेवलेली असू द्या आणि मासा पाण्याबाहेर न काढताच सोडा.

जोडसांध्याच्या नळ्या जर्मन सिल्व्हरच्या की पितळेच्या, यावर तिघांनी विचारलंय, ते पुढच्या अंकात घेतो.